जागल्याची फुंकर

कोकिळाबाईच्या उजव्या डोळ्यात एक बाटली रोज सकाळी फुंकर मारायची, आणि त्या फुंकरीला कोकिळाबाई रोज एक ताजी शिवी हासडायची.

"मुडद्या, सांगून तरी मारत जा!"

बाटलीला कान नव्हते. डोळा मात्र होता, तोंडाजवळ, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो आधी कोकिळाबाईच्या बुबुळातली नक्षी ओळखायचा, मग हवेची बारीक फुंकर मारायचा, मग बाटलीच्या कडेला हिरवा दिवा लागायचा आणि मगच औषधाचा एक थेंब पडायचा. दुसऱ्या कुणाचा डोळा समोर धरला तर बाटली ढिम्म हलायची नाही. सरकारी कागदावर तिचं नाव भलतंच जड होतं. नंदुरबारच्या मिरचीवाल्या बायकांनी ते कधी उच्चारलंच नाही, त्यांनी तिला 'जागल्या' करून टाकलं. गावावर रात्रभर नजर ठेवणाऱ्या राखणदाराचं नाव डोळ्यावर नजर ठेवणाऱ्या बाटलीला दिलं, आणि ते बसलं ते बसलंच.

जागल्या यायच्या आधी काय होतं ते तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. गावाबाहेरच्या माळावर लाल मिरची वाळत घालतात, त्या जागांना पथाऱ्या म्हणतात. ड्रोन आले, यंत्रं आली, पण देठ खुडायला अजून बाईचीच बोटं लागतात. यंत्र मिरची फोडतं आणि फुटकी मिरची कुणी घेत नाही. तिखटाच्या धुळीत दिवसभर बसलं की डोळे लाल होणारच. पांढऱ्या डोळ्यांची बाई दिसली तर लोक विचारायचे, काय गं, आज खाडा केलास वाटतं? मग बायका मेडिकलच्या दुकानात जाऊन "लाल डोळ्याचं द्या" म्हणायच्या, आणि दुकानदार स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेले थेंब काढून द्यायचा. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. एका बाटलीत अख्खी रांग डोळे भिजवायची.

कोकिळाबाईनेही भिजवले होते. एका हंगामात मिरचीचा देठ उडून तिच्या उजव्या डोळ्याला लागला. तिने पदराने पुसलं आणि दुकानातले थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी लाली गेली, आग गेली. बाई खूश. आत मात्र देठावरची बुरशी डोळ्यात घर करून बसली होती, आणि लालीच गेल्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा बुबुळावरचा काचेसारखा पडदा पार नासला होता. कुण्या अनोळखी मेलेल्या माणसाचा पडदा तिथे शिवला, तेव्हा कुठे तिला पुन्हा दिसायला लागलं.

तेव्हाच ते थेंब दुकानातून बंद झाले आणि जागल्या आला. तालुक्याच्या नेत्रकेंद्रातल्या डॉक्टर शबनम तडवी वयाने कोकिळाबाईच्या लेकीएवढ्या, पण बोलायला स्पष्ट. बाटली हातात देताना म्हणाल्या, "मावशी, या औषधात दोन गडी आहेत. एक जंतू मारतो. दुसरा, म्हणजे स्टेरॉइड, सूज उतरवतो. लाली, आग, सूज ही डोळ्याची बोंब असते, आणि हा दुसरा गडी ती बोंब बंद करतो. चोर घरात असला तरी बंद करतो, ते तुम्ही भोगलंयच. पण तुमचा पडदा परक्याचा आहे, शरीर त्याच्या अंगावर धावून जातं. म्हणून तुम्हाला तो गडी लागणारच, आणि बराच काळ लागणार."

"मग ही फुंकर कशाला?"

"काही माणसांच्या डोळ्यात स्टेरॉइडने आतला दाब चढतो. सगळ्यांच्या नाही. पण चढला तर दुखत नाही की खुपत नाही, मागची नस आतल्या आत वाळत जाते. टायरमधली हवा अंगठ्याने दाबून बघतात ना? फुंकरीने डोळा जरासा दबतो, तो किती लवकर वर येतो त्यावरून हा दाब ओळखतो. ठीक असेल तर हिरवा दिवा आणि थेंब. वाढला असेल तर लाल दिवा, आणि मला इथे निरोप. मनाने बंद करायचं नाही, मनाने वाढवायचं नाही, आणि कुणाला द्यायचं नाही."

"द्यायचं म्हटलं तरी हा मेला देतोय कुठे!" कोकिळाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ते हसणं पुढे कोकिळाबाईला फार महागात पडायचं होतं.

आता तिच्या धाकट्या जावेचं सांगायला हवं. हिरकणबाई तिचं नाव. भिंतीला भिंत लागून घर, पण दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद. कारण विचाराल तर हसाल. कोकिळाबाईच्या लेकीच्या, स्नेहलच्या लग्नात नवरीला हळद लावायला पाच सुवासिनी बोलावल्या. त्या गडबडीत सख्ख्या जावेला हाक मारायची राहून गेली. हिरकण नवी साडी नेसून मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली, हाक येईल म्हणून वाट बघत. हाक आली नाही. जेवली नाही, बोलली नाही, घरी गेली. कोकिळाबाईला चूक कळली होती, पण माफी मागायची म्हणजे मान खाली घालायची, आणि ही मान जन्मात कधी खाली गेली नव्हती. तेव्हापासून दोघी एकाच पथारीवर पाठीला पाठ लावून देठ खुडायच्या.

कोंडी फुटली ती डोळ्यांवरून. त्या हंगामात हिरकणचे डोळे असे सुजले की सकाळी पापण्या उघडेनात. तिनेही नेत्रकेंद्र गाठलं. डॉक्टर तडवींनी विचारलं, घरात कुणाला काचबिंदू? हिरकण म्हणाली, वडिलांना होता, म्हातारपणी दिसेनासं झालं होतं. झालं! डॉक्टरांनी स्टेरॉइडला साफ नकार दिला. नुसते ओलाव्याचे थेंब दिले, गार पाण्याने डोळे धुवायला सांगितले, आणि वर, मिरचीपासून लांब राहा म्हणाल्या.

"मिरचीपासून लांब राहा म्हणे! मासोळीला सांगा पाण्यापासून लांब राहा," हिरकण पथारीवर बायकांना सांगत होती. मग आवाज पडला. "दुसऱ्यांना देतात. मला नाही देत. माझं नशीबच तसलं, मला कुठेच कुणी मोजत नाही."

पाठीमागे कोकिळाबाईची बोटं थांबली. मांडवाचा खांब डोळ्यांपुढे उभा राहिला. तिने मान वळवली नाही, पण बोलली.

"हिरकण, उद्या सकाळी घरी ये. चहाला."

हिरकण आली. ओठ घट्ट मिटलेले. चहा झाला. मग कोकिळाबाईने जागल्या पुढ्यात ठेवला आणि लाजत लाजत युक्ती सांगितली. जागल्या बनवणारा कुणीतरी भला माणूस असावा. त्याला ठाऊक होतं की म्हाताऱ्यांचे हात थरथरतात, फुंकरीने डोळा मिटतो, मान हलते. म्हणून हिरवा दिवा लागल्यावर त्याने बाटलीला तीन सेकंदांची सवलत दिली होती. तेवढ्यात बाटली जराशी सरकली तरी थेंब अडायचा नाही. कोकिळाबाईचा हात तिच्या आईसारखाच थरथरायचा, त्यामुळे ही सवलत तिला पुरती पाठ होती.

"माझ्या गालाला गाल लाव," ती म्हणाली. "तो माझा डोळा बघेल. हिरवा लागला की मी झटकन तुझ्या डोळ्यावर नेते."

"अक्का, चालेल का पण? डॉक्टरबाई नको म्हणाल्या."

"अगं, हा जागल्या आहे. पूर्वीच्या दुकानासारखं थोडंच आहे? माझा डोळा गेला तेव्हा हा नव्हता, म्हणून गेला. वाईट असेल तर हा हिरवा दाखवेल का?"

हे ती खोटं बोलत नव्हती. मनापासून बोलत होती, तेच तर वाईट. बाटलीने तपासला कोकिळाबाईचा डोळा, आणि थेंब गेला हिरकणच्या डोळ्यात. एवढी साधी गोष्ट त्या दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. हिरवा दिवा म्हणजे औषध चांगलं, बस्स. घरातलं विरजण शेजारणीला वाटीभर द्यावं, तसा थेंब दिला. विरजणाला कुणी दोष देतं का?

दोघी गालाला गाल लावून बसल्या. इतक्या वर्षांनी जावेचा गाल गालाला लागला, गरम आणि जरासा खरखरीत, आणि कोकिळाबाईला रडू यायला लागलं. थेंब पडला. हिरकण म्हणाली, "आई गं, किती गार वाटलं!"

दोन दिवसांत हिरकणचे डोळे निवळले. मग ती रोज यायची, सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना, एकदा उजवा डोळा, एकदा डावा. चहा व्हायचा, दोघी सगळ्या गावाची उणीदुणी काढून घ्यायच्या. कोकिळाबाईचा नवरा मिरचीचा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर, लेक सुरतेला दिलेली. घर खायला उठायचं. आता सकाळी दारात "अक्का, आहात का?" ऐकलं की तिचा दिवस उजाडायचा. हिरकणचे डोळे केव्हाच बरे झाले होते. थेंब थांबवायला हवे होते, हे दोघींना कळत होतं. पण थेंब थांबला तर सकाळ थांबेल अशी दोघींना भीती, आणि बोलून दाखवायची दोघींना चोरी.

एक गोष्ट मात्र घडत होती. कोकिळाबाईला दिवसाला चार थेंब ठरलेले, त्यातले दोन हिरकणला जात. म्हणजे शिवलेल्या पडद्याला अर्धंच औषध मिळत होतं, आणि तो हळूहळू लाल व्हायला लागला. जागल्याने ते पाहिलं. त्याच्या हिशेबी चारही थेंब डोळ्यात पडलेले. चार देऊनही लाली, म्हणजे चार पुरत नाहीत. त्याने नेत्रकेंद्राला तसं कळवलं, डॉक्टर तडवींनी दाब बघितला, तो ठीक होता, त्यांनी मंजुरी दिली. थेंब सहा झाले. एकदा चिडलेला पडदा तेवढ्यानेही निवळेना, म्हणून काही आठवड्यांनी आठ.

"बघ," कोकिळाबाई हसत म्हणाली, "जागल्यालाही कळलं तू येतेस ते! तुझा वाटा धाडला त्याने." आणि तिने हिरकणचे दोनाचे चार केले.

मग हिरकण वेंधळी झाली. चौकटीला खांदा आपटायचा. खुडलेली देठं टोपलीत न पडता बाहेर पडायची. सांडशीने पातेलं उचलताना शेजारचा कप लवंडायचा. कोकिळाबाई चिडवायची, "नवरोबांची आठवण येते वाटतं कामात?" हिरकण लाजून हसायची. गावातल्या बायका मात्र कुजबुजायला लागल्या की हिरकणला आजकाल चढलंय, बाजूने गेलं तर बघत पण नाही.

स्नेहलला मुलगा झाला. बारसं आजोळी, कोकिळाबाईच्या दारात. कोकिळाबाईने मनाशी पक्कं ठरवलं होतं की लग्नात राहिलेलं आता व्याजासकट फेडायचं. पाळण्याचा मान हिरकणला, पहिली ओटी हिरकणची. सगळ्या गावादेखत तिने हिरकणला पाटावर बसवलं, हातात खण आणि नारळ घेतला आणि डाव्या बाजूने पुढे होऊन म्हणाली, "घे गं, पदर कर."

हिरकण समोर पाळण्याकडे बघत बसली होती. मान वळली नाही, पदर पुढे आला नाही. कोकिळाबाईचा थरथरता हात तसाच पुढे. पुन्हा म्हणाली, "हिरकण!" हिरकण दचकून भलतीकडेच वळली, तिच्या कोपराचा धक्का लागला आणि नारळ हातातून सुटून फरशीवर घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत गेला.

कुणीतरी हळूच म्हणालं, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, बाई."

कोकिळाबाईच्या कानशिलांतून आग निघाली. म्हणजे इतके दिवस ही बया डाव धरून होती! माझ्या घरचा चहा प्यायली, माझं औषध डोळ्यांत घातलं, आणि चारचौघांत माझी ओटी भिरकावली. हिरकण काहीतरी पुटपुटत होती, "अक्का, मला दिसलं नाही हो," पण हे असलं निमित्त कोण ऐकतं? हातभर अंतरावरचा नारळ दिसला नाही म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हाक आली. कोकिळाबाईने कडी काढली नाही.

"जागल्या बंद आहे," आतूनच म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही तेच. मग हिरकण यायची थांबली. भिंतीपलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायचं, कारण औषध एकदम तुटल्यावर सुजेने पुन्हा उचल खाल्ली होती. कोकिळाबाई ते ऐकायची आणि स्वतःच्या डोळ्यात पुरे आठ थेंब घालायची. खोटं कशाला बोलू, तिला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही.

त्याच आठवड्यात हिरकण स्वतःच्या ओट्यावरून खाली पडली. भरदुपारी. ज्या ओट्यावर ती लग्न होऊन आल्यापासून वावरली, त्याची कड तिला दिसली नाही. उत्तमने, तिच्या नवऱ्याने, तिला नेत्रकेंद्रात नेलं. संध्याकाळी तो कोकिळाबाईच्या दारात उभा राहिला, चेहरा उतरलेला.

"वहिनी, डॉक्टरबाईंनी उद्या तुम्हालाही बोलावलंय. बाटली घेऊन."

नेत्रकेंद्रातल्या काळोख्या खोलीत हिरकण एका पांढऱ्या अर्धगोलात हनुवटी ठेवून बसली होती. हातात एक बटण. गोलात कुठेकुठे बारीक ठिणगीसारखा उजेड उमटायचा, तो दिसला की बटण दाबायचं. कोकिळाबाई मागे स्टुलावर बसली. तिला तो उजेड दिसत होता. तिच्या शिवलेल्या, लाल डोळ्यालाही दिसत होता.

डावीकडे उमटला. हिरकणने बटण दाबलं नाही.

उजवीकडे उमटला. नाही दाबलं.

वर. खाली. पुन्हा डावीकडे. बोट हलेना. मधोमध उमटला तेव्हा कुठे बटण वाजलं. पुन्हा डावीकडे उमटला आणि कोकिळाबाईला राहवेना.

"तो बघ, हिरकण! तो बघ ना! डाव्या अंगाला!"

"मावशी, बोलू नका," डॉक्टर म्हणाल्या.

पण कोकिळाबाई पुटपुटतच राहिली, तो बघ, तो बघ गं. तिला तो नारळ आठवला. डाव्या अंगानेच धरला होता. तिने तोंडात पदर कोंबला.

तपासणी झाल्यावर डॉक्टर तडवींनी दोघींना समोर बसवलं. हिरकणच्या डोळ्यांतला दाब तिपटीवर गेला होता. दोन्ही डोळ्यांतल्या नसा वाळत आल्या होत्या. बाजूचं दिसणं आधी जातं आणि मधलं शेवटी, म्हणून माणसाला कळतच नाही. समोरचं चहाचं भांडं दिसत असतं, शेजारचा कप नसतो.

"स्टेरॉइडशिवाय एवढ्या लवकर असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यांना मी दिलं नाही. दुकानात मिळत नाही. आणि मावशी, तुमचं औषध वाढत गेलं तरी लाली का उतरत नव्हती, हे मला कळत नव्हतं. दोन्ही चिठ्ठ्यांवरचं आडनाव आणि पत्ता एकच बघितला आणि..." त्या थांबल्या. "कसं दिलंत?"

कोकिळाबाई उठली आणि हिरकणच्या गालाला गाल लावून बसली. करून दाखवलं. बाटली आपल्या डोळ्यासमोर, मग तिच्या.

डॉक्टर तडवींनी बाटली हातात घेऊन कडेचा दिवा बघितला.

"पण हिरवा लागायचा हो!" कोकिळाबाई ओरडली. "रोज हिरवा लागायचा! एकदाही लाल नाही लागला!"

"हिरवा तुमच्या डोळ्यासाठी होता, मावशी."

"मग आता? थेंब बंदच आहेत, आता येईल ना परत?"

"नाही."

"ऑपरेशन करा. माझा नाही का पडदा बदलला? हिची नस बदला. माझी काढा."

"पडदा बदलता येतो. नस नाही बदलता येत, अजून तरी नाही." डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढली. "दाब उतरवायचं औषध देते. लागलं तर ऑपरेशन, ते दाबासाठी. आहे तेवढं टिकवायचं बघू. गेलेलं गेलं." मग खाली मान घालून म्हणाल्या, "वाढीव थेंबांवर सही माझी आहे. मी तुमचा दाब बघितला. थेंब कुणाच्या डोळ्यात जातोय ते बघायला मला कुठे जमलं?"

आता हिरकणने विचारलं, "स्वयंपाक करता येईल ना मला?"



उत्तमने त्या रात्री भिंतीपलीकडून काय काय बोलून घेतलं ते इथे सांगण्यासारखं नाही. कोकिळाबाईने ऐकून घेतलं. ही बाई आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलली नाही. सकाळी ती हिरकणच्या दारात गेली, मान खाली घालून उभी राहिली, आणि जे एका लग्नापासून गळ्यात अडकलं होतं तेही सगळं बोलून टाकलं, हळदीचं, नारळाचं, बंद कडीचं. हिरकणने ऐकलं.

"अक्का, मला तुमचा राग येतो," ती म्हणाली. "माझाही येतो. डॉक्टरबाई मला तोंडावर नको म्हणाल्या होत्या, मी काय कुकुलं बाळ होते? पण आत्ता जा तुम्ही."

कोकिळाबाई परत आली.

असं गालाला गाल लावून थेंब देणं नंदुरबारातच चाललं होतं असं नाही. कुठे सासूने सुनेला दिले होते, कुठे आईने मुलाला. कंपनीने फार धावपळ केली आणि जागल्यात सुधारणा केली. ती तीन सेकंदांची सवलत काढून टाकली. आता बाटली डोळ्यापासून केसभर हलली तरी लाल दिवा लागून थेंब अडायचा. टीव्हीवर सांगितलं की आता जागल्या पूर्ण सुरक्षित झाला आहे.

थरथरत्या हातांच्या माणसांचं काय, ते कुणी सांगितलं नाही.

कोकिळाबाईने सकाळी बाटली धरली. फुंकर आली, हात हलला, लाल. पुन्हा. लाल. भिंतीला कोपर टेकवून बघितलं, उशीवर डोकं ठेवून बघितलं. थेंबच पडेना. परक्या माणसाचा पडदा दिवसागणिक धुरकट व्हायला लागला, आणि नवरा होता कुठेतरी गुजरातच्या रस्त्यावर. तिने कुणाला सांगितलं नाही. माझ्यासारखीला हेच हवं, असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. शिवी द्यायचंसुद्धा तिच्या मनात येईना.

तेवढ्यात दाराशी खरखर झाली. कुणीतरी भिंत चाचपत येत होतं.

"अक्का, आहात का?"

हिरकण उंबऱ्यावर पाय टेकवून टेकवून आत आली. मान इकडेतिकडे फिरवत तिने खोली शोधली, खाट शोधली, मग कोकिळाबाईचा चेहरा शोधला. नळीतून बघावं तसं तिला आता दिसायचं.

"पलीकडे शिव्या ऐकू येईनात तुमच्या," ती म्हणाली. "म्हटलं, मेलीबिली की काय. द्या ती बाटली."

"नको गं. तू नको."

"द्या म्हणते ना. माझा हात हलत नाही."

तिने बाटली घेतली, डाव्या हाताने कोकिळाबाईची हनुवटी धरली आणि अगदी जवळ आली. तिच्या डोळ्यांत जेवढी गोल जागा उरली होती, तेवढ्यात कोकिळाबाईचा एक डोळा बरोबर मावत होता. बाकी खोली, चहाची चूल, दार, दिवस, काहीच मावत नव्हतं. गेल्या तपासणीत ती जागा आणखी लहान झाली होती. औषध चालू असूनही. डॉक्टर तडवींनी ते सांगितलं तेव्हा आपल्या तपासणीला आलेली कोकिळाबाई शेजारच्याच बाकावर बसली होती.

"हलू नका, अक्का."

फुंकर आली. दिवा बाटलीच्या कडेला होता, आणि कडेचं हिरकणला दिसत नव्हतं.

"लागला का हिरवा?" तिने विचारलं.

कोकिळाबाईला हुंदका आला. तिने तो दाबला, हलायचं नव्हतं.

"लागला."

थेंब पडला. पण डोळा आधीच काठोकाठ भरलेला. औषध आत राहिलं नाही, आसवांबरोबर गालावरून खाली ओघळलं आणि पदरात मुरलं. जागल्याने आपल्याकडे नोंद केली की थेंब दिला. पुढचा आता दुपारशिवाय मिळणार नव्हता.

"पडला ना नीट?" हिरकणने विचारलं. हनुवटी तिने अजून धरूनच ठेवली होती.

"पडला गं," कोकिळाबाई म्हणाली. "बस, चहा टाकते."